मुंग्या, पट्टे आणि माळ्यावरच्या कॅसेटी

जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या कडेला चिकटवलेली कागदी पट्टी नीट वाचली, तर त्या घराचा बराच इतिहास हाती लागतो. खाली कुठंतरी पेन्सिलीनं लिहून खोडलेलं ‘रामायण, भाग ४१ ते ४५’. त्याच्यावर निळ्या बॉलपेननं एखाद्या हिंदी सिनेमाचं नाव. आणि सगळ्यांवर जाड मार्करनं, दोनदा अधोरेखित केलेलं, मुलीच्या लग्नाचं साल आणि एक ताकीद: यावर कुणी काही भरू नये. कोरी कॅसेट महाग पडायची, म्हणून एकीवरच तीन-चार वेळा भरलं जाई. घराला कशाची किंमत वाटली आणि कशावर पाणी सोडायला ते तयार झालं, हे त्या पट्टीवर क्रमानं उतरलेलं असतं.

भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, लाखनी, साकोली, लाखांदूर या भागातल्या घरांत साधारण १९८५ ते २००० या काळात भरलेल्या अशा कॅसेटी अजून पडून आहेत. १ मे १९९९ पर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होतं, तेव्हा तिकडच्याही यात धरायला हव्यात. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या लोखंडी पेटीत, कुणाच्या दिवाणाखाली. त्यांत लग्नं आहेत, बारशी आहेत, शाळेची स्नेहसंमेलनं आहेत, दूरदर्शनवरून उतरवलेले कार्यक्रम आहेत. त्या काळातल्या भंडारा जिल्ह्याचं हलतं-बोलतं चित्र आज बघायचं म्हटलं, तर ते मुख्यतः याच कॅसेटींत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं काम सिनेमा जपण्याचं. तुमसरच्या धान बाजाराजवळच्या गल्लीतलं लग्न तिथं कसं असणार? ते त्या घराशिवाय कुठंच नाही. आणि तिथंही ते फार दिवस राहणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयानं २०१५ सालीच इशारा दिला होता की, चुंबकीय टेपवरची सामग्री २०२५ पर्यंत उतरवून घेतली नाही, तर पुढं बहुतेक हाती लागणार नाही. नंतर युनेस्कोनंही ध्वनी-दृश्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर असाच इशारा जगभर पोचवला. कारणं दोन. टेपवरचा चुंबकीय थर आणि त्याला धरून ठेवणारा डिंक म्हातारा होतो, हे एक. दुसरं कारण मोठं आहे: टेप धड राहिली, तरी ती वाचणारं मशीन राहत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तेव्हा व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती. आपल्याकडे ‘फुनाईचा व्हीसीपी’ घरोघर माहीत होता. आता नवं मशीन कुठंच मिळत नाही. जुनं सुधारून वापरायचं, एवढाच मार्ग उरला आहे. म्हणून या लेखात कॅसेटींइतकंच मशीनबद्दलही सांगायचं आहे. मशीन का बिघडतं आणि ते कसं मार्गी लावायचं, हे ज्याला कळतं, त्याच्याच हातून या कॅसेटी वाचतील.

व्हीएचएस पद्धत जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली जपानात आणली. त्याच्या एक वर्ष आधी सोनीची बीटामॅक्स आली होती. आपल्याकडे या यंत्राची हवा झाली ती १९८२ मध्ये. त्या वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई स्पर्धा भरल्या, टीव्ही रंगीत झाला, आणि परदेशातून रंगीत टीव्ही-व्हीसीआर आणण्यावरचे निर्बंध सरकारनं त्या निमित्तानं सैल केले. आखातात कामाला गेलेल्यांच्या सामानातून नॅशनल, अकाई, सोनी ही नावं गावांपर्यंत पोचली.

खेड्यात मात्र व्हिडिओ आला तो भाड्यानं. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीपी, तीन किंवा चार कॅसेटी, एक स्टॅबिलायझर आणि हे सगळं चालवणारा एक पोरगा, असा तो संच असे. गणपती, शारदा, नवरात्र, बारसं, निमित्त काहीही चाले. वर्गणी निघायची, चौकात टेबल मांडलं जायचं, आणि रात्री नऊला सुरू झालेला पहिला सिनेमा संपून तिसरा लागेपर्यंत कोंबडा आरवायचा. मधेच चित्र गेलं, की तो पोरगा टॉर्चच्या उजेडात वरचं झाकण काढून हेड साफ करी आणि पाच मिनिटांत सिनेमा पुन्हा सुरू होई. त्याला कुणी शिकवलेलं नसे. अशाच पोरांतून पुढं बरेच मेकॅनिक तयार झाले, काही जण केबलवाले झाले, आणि आज त्यांच्यातल्या कित्येकांची मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. जुन्या मशीनसाठी माणूस शोधायचा असेल, तर याच पिढीकडे जावं. साठीला टेकलेले हे हात अजून ते काम विसरलेले नाहीत.

व्हीसीपी आणि व्हीसीआर यांतला फरक आज पुष्कळांना आठवत नाही. व्हीसीपी फक्त लावून दाखवी. व्हीसीआर भरूनही घेई, म्हणून तो महाग. त्याच्या आत टीव्हीसारखाच स्वतःचा ट्यूनर असे. छतावरच्या अँटेनाची वायर आधी व्हीसीआरमध्ये जायची, तिथून दुसरी वायर टीव्हीत. त्यामुळे टीव्ही बंद ठेवूनही कार्यक्रम भरता येई. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची. कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी टिकली असते, ती मोडलेली असली की मशीन भरायला नकार देतं. लग्नाच्या कॅसेटची ही टिकली शूटिंगवाले मोडूनच द्यायचे. तरी घरातलं एखादं कार्टं त्या खाचेवर सेलोटेप चिकटवून लग्नावर क्रिकेटची मॅच भरायचंच. अशा कॅसेटी मी पाहिल्या आहेत: वरमाला हातात घेतलेली नवरी, एक झटका, आणि पुढं हिरवं मैदान.

घरी कार्यक्रम भरून घेणं कायद्यानं गुन्हा होता का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं आजचं कलम ३९ स्पष्ट आहे: स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपणाचं ध्वनी किंवा दृश्य मुद्रण केलं, तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. भाड्यानं देणं, विकणं, गल्लीत तिकीट लावून दाखवणं, ही गोष्ट वेगळी. त्यासाठीच १९८४ साली कायदा कडक झाला आणि कॅसेटवर सेन्सॉरचं प्रमाणपत्र व हक्कदाराचं नाव दाखवणं बंधनकारक केलं गेलं. अमेरिकेतही त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सोनीच्या बाजूनं निकाल दिला होता, की घरी नंतर बघण्यासाठी कार्यक्रम टिपून ठेवणं गैर नाही. म्हणजे आजच्या कायद्यानं पाहिलं तर ज्यांनी रविवारी सकाळी ‘रामायण’ भरून ठेवलं, त्यांनी काही वावगं केलं नाही.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. भाग ७८. तीन तासांच्या कॅसेटवर चार-पाच भाग बसत, म्हणजे सगळं रामायण जमवायला सोळा ते वीस कॅसेटी लागत. ‘महाभारता’चे भाग ९४, आणि ते लांबीनंही मोठे. एवढ्या कॅसेटी कोण घेणार? म्हणून मधल्या जाहिराती गाळायच्या. एक जण पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसे. पण पॉज काही मिनिटांहून जास्त राहिला तर टेप घासू नये म्हणून मशीन आपणहूनच थांबतं, आणि जाहिराती लांबल्या की नेमकं तेच होई. टायमर लावून ठेवावा, तर लाइट गेली की घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसे आणि कार्यक्रम हातचा जाई.

आता यातलं ‘रामायण’ वाचलेलंच आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं, तेही स्वच्छ प्रतीवरून. घरच्या कॅसेटवरचं रामायण त्यापुढं धूसरच दिसणार. पण त्याच कॅसेटवर चुकून राहून गेलेल्या ज्या गोष्टी आहेत, त्यांचं मोल आता चढत चाललं आहे. पॉज सुटल्यामुळे भरली गेलेली साबणाची जाहिरात, निवेदिकेचं बोलणं, बातम्यांची सुरुवात, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी. आणि अधूनमधून पडद्यावर उठलेल्या ठिपक्यांच्या मुंग्या, म्हणजे दूरच्या मनोऱ्यावरून येणारा सिग्नल त्या दिवशी इथं कसा पोचत होता याची नोंद. मालिकेच्या मूळ टेपवर यातलं काहीच नाही.

मोठमोठ्या संस्थांच्या हातूनही टेप कशा गेल्या, हे बघितलं की घरच्या कॅसेटीची किंमत कळते. अपोलो ११ मोहिमेत चंद्रावरून आलेलं मूळ चित्र ज्या टेपांवर उतरलं होतं, त्या टेप पुढं पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं नासानंच २००९ मध्ये सांगितलं. आज दिसणारी सुधारित दृश्यं त्यांनी टीव्ही केंद्रांकडे उरलेल्या प्रतींवरून तयार केली. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध कपिल देवनं केलेल्या नाबाद १७५ धावा तर चित्रितच झाल्या नाहीत. ती खेळी आपण फक्त वाचू शकतो. उलट फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या एका माजी ग्रंथपाल बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस टीव्हीवरच्या बातम्या भरून ठेवल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या तेव्हा सुमारे सत्तर हजार कॅसेटी मागे राहिल्या होत्या. लोक त्यांना वेड्यात काढत. आज तो संग्रह अमेरिकेतल्या इंटरनेट अर्काइव्हकडे आहे.

भंडाऱ्यात असं कुणी केलं नाही, पण सगळ्यांनी मिळून थोडं थोडं केलं.

व्हीसीआरचं झाकण काढलं की सगळ्यांत आधी डोळ्यात भरतो तो मधला ड्रम. चकचकीत, तळहातात मावेल एवढा, ६२ मिलिमीटर व्यासाचा, आणि मुद्दामच किंचित तिरका बसवलेला. त्याच्या कडेवर समोरासमोर दोन हेड असतात, नखाच्या टोकापेक्षाही बारीक. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस. प्रत्येक फेऱ्यात एक चित्र पुरं होतं, अर्धं एका हेडनं, अर्धं दुसऱ्यानं. कॅसेट आत गेली की दोन खांब पुढं येतात, टेपचा पदर ओढून ड्रमभोवती गुंडाळतात. अर्धा इंच रुंदीची टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, आणि हेड मात्र तिच्यावरून सेकंदाला जवळजवळ पाच मीटरच्या वेगानं तिरकी रेघ ओढत जातं. एक रेघ केसापेक्षा अरुंद. आवाजाची पट्टी वेगळी, टेपच्या वरच्या कडेनं सरळ जाणारी, आणि तिला वाचणारं हेडही वेगळं, जागेवर स्थिर. खालच्या कडेला आणखी एक पट्टी असते, ड्रम आणि टेप यांचा ताल जुळवणारी.

एवढं समजलं, तर निम्मे बिघाड नुसते बघून ओळखता येतात.

सगळ्या पडद्यावर मुंग्या, पण आवाज स्वच्छ: हेड घाण झालं. चित्राचं आणि आवाजाचं हेड वेगळं आहे, म्हणूनच एक जातं आणि दुसरं राहतं. चित्र दिसतंय पण सारखं फडफडतंय, एक थर चित्राचा आणि एक मुंग्यांचा: दोनपैकी एकच हेड बुजलंय. दर वेळी ‘हेड गेलं, नवं टाकावं लागेल’ असं सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं, नुसतं माखलेलं असतं. साफ करण्याची रीत अशी. प्लग काढायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला सांबराच्या कातड्याचा तुकडा, तो नसेल तर जाड पांढऱ्या कागदाची घडी, ड्रमच्या कडेला अलगद टेकवून स्थिर धरायची. दुसऱ्या हातानं ड्रमचा वरचा भाग हळूहळू फिरवायचा. कागदावर तपकिरी रेघ उमटते. तीच ती घाण, टेपवरून खरवडून आलेली. हात वर-खाली कधीही करायचा नाही. हेड आडवा घास सोसतं, उभ्यानं तुटतं. कापसाची काडीही नको, तिचा तंतू हेडमध्ये अडकतो. मग दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं. हौशी लोकांनी आजवर जेवढी हेड मोडली, त्यातली बरीचशी या उभ्या हातानं आणि कापसानं मोडली आहेत.

पडद्याच्या वर किंवा खाली मुंग्यांचा आडवा पट्टा येतो, तेव्हा ताल चुकलेला असतो. ट्रॅकिंगचं बटण थोडं थोडं फिरवून बघावं. एका मशीनवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर लावली की हे हमखास होतं. बटणानं पट्टा हलतो पण जात नाही, तेव्हा टेप वाट दाखवणारे खांबच सरकलेले असतात. तिथं मात्र मेकॅनिकनंच हात घालावा. आवाज लहरत असेल, गाणं रडल्यासारखं वाटत असेल, तर टेप पुढं ढकलणारा रबरी रोलर चिकट किंवा कडक झाला आहे.

सगळ्यांना भीती असते ती टेप खाण्याची. मशीन टेप खातं, कारण ती गुंडाळून घेणारं चाक फिरत नाही. त्याला फिरवणारा रबरी पट्टा वर्षानुवर्षांनी ढिला पडलेला किंवा वितळलेला असतो. ड्रमभोवतीची टेप पुढं येत राहते आणि गोळा होऊन बसते. अशा वेळी कॅसेट ओढू नये. झाकण काढून टेप बोटानं मोकळी करून कॅसेटमध्ये गुंडाळायची. टेप तुटलीच, तर सेलोटेपनं जोडून ती मशीनमध्ये कधीही लावू नये. तो जोड ड्रमवरून गेला की हेडचा तुकडा पडतो, आणि एका कॅसेटपायी मशीनही जातं. कॅसेटला खालून पाच स्क्रू असतात. ते काढून चांगला तुकडा दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये नीट बसवता येतो.

झाकण काढून मशीन चालवून बघणाऱ्यांना एक अनुभव हटकून येतो: कॅसेट आत जाते आणि लगेच बाहेर येते. बिघाड काहीच नसतो. व्हीएचएस टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. मधल्या दिव्याचा उजेड त्यातून आरपार गेला की मशीनला कळतं, टेप संपली. झाकण उघडं असलं, की खिडकीतलं ऊन थेट त्या डोळ्यांवर पडतं आणि मशीन फसतं. जुने मेकॅनिक म्हणूनच वरून पुठ्ठा धरत. याच्या उलट, फार जुन्या मशीनमध्ये तो मधला दिवाच उडाला, तर मशीन कुठल्याच कॅसेटला हात लावत नाही. माणसं सगळं मशीन भंगारात देतात, आणि गेलेला असतो एक दिवा.

बरीच वर्षं बंद राहिलेलं मशीन सुरूच होत नसेल, तर बहुतेक वेळा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात. भंडाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या मशीनचं दुसरं काय होणार? पण तो भाग प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो, तेव्हा तिथं जाणकारच हवा. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट रंग दाखवत नसेल, चित्र वर-खाली फिरत असेल, तर मशीन ठीक आहे. तिकडची एनटीएससी पद्धत वेगळी, ५२५ रेघांची, आपली ६२५ रेघांची. त्यासाठी दोन्ही पद्धती वाचणारं मशीन शोधावं.

एक परीक्षा सगळ्यांआधी करावी. ज्या कॅसेटची पर्वा नाही, अशी एखादी जुनी सिनेमाची कॅसेट आधी लावून बघावी. ती स्वच्छ चालली आणि लग्नाच्या कॅसेटवर मुंग्या आल्या, तर दोष टेपमध्ये आहे. त्या मुंग्या भरतानाच आल्या असतील, तर हेड कितीही घासून जायच्या नाहीत.

इथली हवा टेपला सोसत नाही. वैनगंगेचा काठ, गावोगावी मालगुजारी तलाव आणि बोड्या, चार महिने पाणी साचलेली धानाची बांधी. पावसाळ्यात घरातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तीच टेपला येते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढुरका थर दिसला, तर ती कॅसेट लावू नये. बुरशी हेडला लागते आणि त्याच मशीनमधून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करावी, नाकाला रुमाल बांधून हाताळावी, आणि टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तेव्हा ज्यांच्या कॅसेटी भिजल्या आणि गाळ सुकून बसला, त्यांनीही त्या घरी लावून बघण्याचा मोह टाळावा. टेपवरचे मातीचे कण हेडला सॅंडपेपरसारखे कापतात. पण त्या फेकूनही देऊ नयेत. कुशल हातांनी अशा टेपांमधूनही चित्र काढता येतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर माझ्यापुरतं गोसेखुर्दपाशी आहे. पवनी तालुक्यातल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. काम पुढं वर्षानुवर्षं चाललं, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांना वैनगंगेच्या पाण्याखाली जाणारी जमीन आणि घरं सोडावी लागली. ही गावं उठण्याआधीच्या वर्षांत खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे घेऊन शूटिंगवाले गावोगावच्या लग्नांत फिरत होते. पॅनासॉनिकचे एम-३०००, एम-९००० हे त्या धंद्यातले ठरलेले कॅमेरे. त्यांनी वरात टिपली, म्हणजे गल्ली टिपली. नवरदेवाला मारुतीच्या पाराकडे नेताना वाटेतली विहीर, ओसरीवर बसलेले म्हातारे, कौलारू घरांची रांग, डहाळ्या घातलेला मांडव, पंगतीत वाढणारे हात हे सगळं आपोआप आत आलं. अहेराची नावं माइकवरून पुकारली जातात, तेव्हा कोण कुठल्या गावचं, कोणाचं कोण, हेही कळतं. आता तिथं पाणी आहे. बुडालेल्या गावातला एखादा रस्ता पुन्हा चालत जावा असं कुणाला वाटलं, तर ती कॅसेट सोडून दुसरी वाट नाही.

आणि माणसांचं बोलणं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, तिला मान मिळवून दिला. पण ती बोली मांडवात, हळदीच्या वेळी, पंगतीत, बायकांच्या थट्टेत कशी चालत होती, याचा आवाज या कॅसेटींवर सापडतो. शूटिंगवाल्यांनी नागपुरात ‘मिक्सिंग’ करताना पुष्कळ ठिकाणी त्यावर हिंदी गाणी चढवली, हे मला फार लागतं. मागचं सगळं बोलणं त्या गाण्यांखाली कायमचं गेलं. म्हणून ज्या घरात मिक्सिंग न केलेली मूळ कॅसेटही राहिली असेल, त्या घरानं आधी ती जपावी. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, रंगणारी दंडार, रात्रीचं नाटक यांचे तुकडेही काही कॅसेटींवर आहेत. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष इकडं वळलं. त्यांच्या पिढीनं ऐन उमेदीत उभं केलेलं नाटक कसं दिसत होतं, हे नव्या नटांना दाखवायचं, तर एखाद्या गावकऱ्याची कॅसेटच उपयोगाला येईल.

उतरवून घेण्याचं काम अवघड नाही, त्याला वेळ मात्र लागतो. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तास लागतात, त्यात घाई चालत नाही. मशीनच्या मागून निघणाऱ्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी व्हिडिओ कॅप्चरच्या छोट्या यंत्राला जोडायच्या आणि ते संगणकाला. चांगल्या स्थितीतली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं फिरवून घ्यावी, म्हणजे एकमेकांना चिकटलेले पदर मोकळे होतात. चित्र मूळ मापातच, ७२० बाय ५७६ मध्ये, घ्यावं. मोठं करून किंवा ‘सुधारून’ देतो म्हणणाऱ्यांना आधी मूळ प्रत जशीच्या तशी मागावी. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे तेरा जीबी जागा लागते. आजच्या हार्ड डिस्कच्या भावात ती परवडते. दोन प्रती कराव्यात आणि दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. नुसता मोबाइल टीव्हीसमोर धरून केलेलं चित्रण मुळीच नसण्यापेक्षा बरं, पण ते शेवटचं पाऊल असावं. आणि उतरवल्यावरही कॅसेट फेकू नये. ती पुस्तकासारखी उभी, पूर्ण रिवाइंड करून, कोरड्या कपाटात ठेवावी.

उतरवलेल्या फायलीला ‘लग्न’ एवढंच नाव देऊ नका. गाव, साल, कुणाचं काय, आणि दिसणाऱ्या माणसांतले ओळखू येतील तेवढे, एवढं एका कागदावर लिहा. हे सांगू शकणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना शेजारी बसवून कॅसेट एकदा बघा आणि ती जे बोलतील ते मोबाइलवर टिपून घ्या.

हे प्रत्येकानं घरी करावं, पण घरी केलेलं घरातच राहतं. भंडारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी एक चालू व्हीसीआर, एक कॅप्चर यंत्र आणि दोन हार्ड डिस्क एवढी सोय केली, जुन्या मेकॅनिकना महिन्यातून एक दिवस मानधन देऊन बोलावलं, आणि लोकांच्या संमतीनं एक प्रत स्वतःकडे ठेवली, तर जिल्ह्याचा स्वतःचा संग्रह उभा राहील. याला इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. मराठी, इतिहास आणि लोककला शिकवणाऱ्या विभागांनी हे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावं. गोसेखुर्दच्या पुनर्वसित गावांपासून सुरुवात करावी, कारण तिथल्यांकडे परत जाऊन चित्रण करायला गावच उरलेलं नाही.

यंदाच्या साफसफाईत कॅसेटी आणि मशीन खाली निघतील. भंगारवाल्याला त्या प्लास्टिकचे फारसे पैसे देता येत नाहीत. तेव्हा कॅसेटी देऊ नका, आणि बंद पडलेला व्हीसीआर तर मुळीच देऊ नका. दुसऱ्याच्या मशीनला लागणारा रोलर, पट्टा किंवा हेड आता फक्त त्याच्यातूनच मिळणार आहे.